गुऱ्हाळ कधी लागलं?

‘झोंबी’ वाचलेलं कुणी भेटलं की मी एक प्रश्न हमखास विचारतो. आनंदाच्या दादानं गुऱ्हाळ कधी लावलं होतं? गावात सगळ्यांच्या आधी, की सगळ्यांच्या मागून?

उत्तर येत नाही. बापानं शाळा सोडवली हे आठवतं, मार आठवतो, सौंदलगेकर मास्तर आणि त्यांचं कविता म्हणणं तर सगळ्यांनाच आठवतं. पुढे हा मुलगा पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला, हेही लोक आवर्जून सांगतात. गुऱ्हाळ मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि माझ्या मते पुस्तकाची किल्ली तिथेच पडली आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आनंद यादव यांची ‘झोंबी’ १९८७ साली आली, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलमध्ये गेलेल्या स्वतःच्या बालपणाची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ असे आणखी तीन भाग आले. ‘झोंबी’तल्या शाळेच्या भागाचा हिंदी अनुवाद एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात ‘जूझ’ नावानं आहे, त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या लाखो मुलांना आनंदा ठाऊक आहे. झोंबी म्हणजे एकमेकांना भिडणं, अंगाशी अंग लागून केलेली झटापट. त्यात समोरचा माणूसही तितकाच असतो. ‘जूझ’मध्ये समोरचा थोडा मागे सरकतो आणि झुंजणारा एकटा उरतो. मूळ पुस्तकाचं जे पुढे झालं, त्याची ही सुरुवात असावी.

तर गुऱ्हाळ. दादा ते गावात सगळ्यांच्या आधी लावतो. बाकीचे शेतकरी ऊस उभा ठेवतात. ऊस जास्त दिवस उभा राहिला की रस घट्ट होतो, गूळ जास्त पडतो. दादाचं गणित वेगळं आहे. सगळ्यांची गुऱ्हाळं सुरू झाली की बाजारात गूळच गूळ होतो आणि भाव पडतो. आपला गूळ आधी पोचला तर चार पैसे जास्त. म्हणून दिवाळी झाली की यांच्याकडे घाई. गूळ कमी पडला तरी चालेल, भाव गाठायचा.

हे वाचताना मी थांबलो होतो. आपण ज्याला अडाणी, तापट, पोराच्या शिक्षणाच्या मुळावर उठलेला बाप म्हणून लक्षात ठेवलं, तो बाजार चांगला ओळखतो. पुरवठा वाढला की भाव पडतो हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या गणितात एकच रकाना कोरा आहे. पोराच्या वेळेची किंमत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागते. प्रत्येक तास कुठल्यातरी क्लायंटच्या नावावर टाकायचा, तो झाला बिलेबल. शिकण्यात गेलेला, दुसऱ्याला मदत करण्यात गेलेला तास नॉन-बिलेबल. तो कागदावर असतो, पण त्याला दर नसतो. ‘झोंबी’ मी कॉलेजात असताना वाचली तेव्हा रडलो होतो. नोकरीत तीन वर्षं टाइमशीट भरल्यावर परत वाचली, तेव्हा रडू आलं नाही, पण पेन्सिल हातात घ्यावीशी वाटली. या घरात कुणाचा तास कुणाच्या नावावर पडतो आहे, एवढंच बघत गेलो. पुस्तक वेगळंच दिसलं.

उदाहरणार्थ, आनंदाला शाळा का हवी आहे? आपल्या आठवणीत ज्ञानाची ओढ वगैरे असतं. पुस्तकात पहिलं कारण सरळ पैशाचं आहे. जन्मभर मळ्यात राबलं तरी हाती काही लागणार नाही, आजाच्या वेळी होतं ते बापाच्या वेळी उरलं नाही, हे त्या पोराला दिसतं आहे. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे जमतील, एखादा धंदा टाकता येईल. म्हणजे बाप आणि मुलगा दोघंही एकाच प्रश्नावर विचार करतायत, घराचं कसं होणार? बापाची मुदत या हंगामापुरती, मुलाची वीस वर्षांची. भांडण मुदतीचं आहे.

मग तो प्रसिद्ध प्रसंग. रात्री आई आणि मुलगा दत्ताजीरावांच्या वाड्यावर जातात, सगळं सांगतात, आणि आम्ही आलो होतो हे दादाला कळू देऊ नका अशी विनवणी करतात. दत्ताजीराव दादाला बोलावून घेतात. मागोमाग पोरगं काहीतरी निमित्त काढून तिथे हजर होतं. दादाची खरडपट्टी निघते. स्वतः दिवसभर गावात फिरतोस आणि पोराला मळ्यात जुंपतोस, असं त्याला तोंडावर ऐकवलं जातं. आईजीच्या जिवावर बायजी उदार, त्यातला प्रकार. शाळा मंजूर होते.

पण घरी आल्यावर दादा अटी घालतो, आणि त्या अटी मला पूर्ण पुस्तकातला सगळ्यात थंड डोक्यानं लिहिलेला मजकूर वाटतात. सकाळी अकरापर्यंत मळ्यात पाणी पाजायचं. तिथूनच दप्तर घेऊन शाळेत. शाळा सुटली की तासभर जनावरं चारायची. आणि मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. आनंदा सगळ्याला आनंदानं हो म्हणतो. ज्या दिवसाला आपण त्याचा विजय समजतो, त्या दिवशी त्याच्या कामाचे तास फारसे कमी झालेलेच नाहीत. शाळेचे तास वर चढले आहेत. शाळा ही त्याची जादा पाळी आहे.

यानंतर कवितेचा भाग येतो आणि इथेच बहुतेक वाचक घसरतात. आनंदा पाणी पाजताना, जनावरं राखताना मास्तरांसारख्या चालीवर कविता म्हणतो. कागद नसला की काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो, कधी दगडावर. आधी मळ्यात एकटं राहण्याचा कंटाळा यायचा, आता एकटेपणच बरं वाटायला लागतं. यावरून लोक निष्कर्ष काढतात, बघा, कष्टातून कवी घडला! पुस्तक असं म्हणत नाही. पाणी तेच, म्हैस तीच, ऊस तोच. आधीची कितीतरी वर्षं त्या म्हशीच्या पाठीवर काहीही उमटलं नव्हतं. फरक पडला तो वर्गात एक मास्तर मिळाल्यावर. कष्टानं कविता दिली असती तर त्या काळच्या कागलमध्ये घरटी एक कवी निघाला असता.

हा फरक मी इतका ताणून का मांडतोय, त्याला कारण आहे. रोज रात्री झोपण्याआधी तुम्ही-आम्ही जी रीलं बघतो, त्यात हाच निष्कर्ष तीस सेकंदांत दिलेला असतो. दिवसा कॉलेज, रात्री डिलिव्हरी, सणासुदीला डबल शिफ्ट, मागे बासरी, शेवटी गाडीची चावी. घामाचा क्लोज-अप असतो, हिशेब नसतो. किती मिळाले, त्यातले किती पेट्रोलला गेले, उरलेले कुणाचं देणं फेडण्यात गेले, यातलं काही कळत नाही. जादा काम ही शिडी आहे आणि शिडी आहे म्हणजे वर जाताच येतं, असं ते सांगतात.

मला या शिडीचा थोडा अनुभव आहे. आमचं घर सांगलीत. माझी आई दसरा ते दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेते. भाजणीची चकली, कडबोळी, शंकरपाळी, करंज्या, अनारसे. धान्य धुऊन, वाळवून, एकेक वेगळं भाजून गिरणीत न्यायचं. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागते, तिथे नंबर धरायला आम्हा भावंडांना बसवलेलं असायचं. बाबा कामावरून आले की सोऱ्या फिरवायचे, कारण रात्री अकरानंतर आईचं मनगट साथ देत नसे. मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं चिकटवायचं काम माझं. शिक्षक कॉलनीतल्या, बँकेतल्या बायकांच्या ऑर्डरी असायच्या, एखादा डबा कुरियरनं अमेरिकेला जायचा. आमच्या घरी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सगळ्यांत जास्त झोप यायची आणि फराळ नकोसा वाटायचा.

माझ्या कॉलेजनं मला मागच्या वर्षी विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं होतं. कार्यक्रमाआधी मिळालेल्या परिचयाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, आईने फराळ विकून इंजिनिअर केले. मी ते काढायला सांगितलं. समोरच्यांना वाटलं, मला लाज वाटते. मुद्दा एवढाच होता की ते खोटं आहे. माझी निम्मी शिक्षण फी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या सरकारी शिष्यवृत्तीतून गेली, बाकीची बँकेच्या शैक्षणिक कर्जातून, आणि ते कर्ज मी स्वतः पगारातून फेडलं. फराळाच्या पैशांतून किराणा दुकानदाराची पावसाळ्यातली उधारी भागायची. बहिणीची परीक्षा फी. एका वर्षी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन. दिवाळी संपेपर्यंत पैसेही संपलेले असायचे. त्या कामानं आम्हाला वर नेलं नाही, खाली जाऊ दिलं नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दुसऱ्या गोष्टीचं रील होत नाही, आणि सत्काराच्या शालीत ती मावत नाही.

हंगामी कमाईचं हे एक लक्षण असतं. पैसा हातात येण्याआधीच त्याच्यावर दुसऱ्याचं नाव पडलेलं असतं. ऊसतोडीत तर याची सोय पद्धतीतच आहे. मराठवाड्यातला मजूर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाकडून उचल घेतो, आणि मग हंगामभर ती तोडून फेडतो. उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. दोन माणसं, चार हात, आणि मोजदाद एका हत्याराची! टाइमशीट भरणाऱ्या माणसाला हा शब्द रात्री झोपू देत नाही. कारण आमच्या घरीही तेच होतं. आईच्या वहीत डाळ, तूप, गॅस, गिरणी, पिशव्या सगळं लिहिलेलं असे. विक्रीतून ते वजा करून उरेल तो नफा. तिचे स्वतःचे तास त्या वहीत कधीच आले नाहीत, बाबांचे नाहीत, आमचेही नाहीत. आमच्या सगळ्यांचा मिळून एक सोऱ्या.

हा हिशेब पडद्यावर आणणारा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सिनेमा म्हणजे नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. २०१४ साली तो आला तेव्हा त्यावर जातीच्या अंगानं भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण त्यातल्या मजुरीकडे जरा निराळं लक्ष देऊन बघा. जब्याच्या घरात बहिणीचं लग्न आहे. घरातला प्रत्येक जण मिळेल ते काम करतो आहे. जब्याला मात्र शालूसमोर मिरवण्यासाठी जीन्स हवी आहे, म्हणून तो सायकलवरून थंडगार कांड्या विकायला जातो. पूर्ण सिनेमात स्वतःच्या इच्छेसाठी केलेली जादा कमाई एवढीच. ती सायकल ट्रकखाली चिरडते. मंजुळे त्यावर फार रेंगाळत नाहीत, संगीत लावून आपल्याला रडवत नाहीत. नफ्याआधी नुकसान भरून द्यायची वेळ येते, इतकंच.

मग जत्रा. गावाला सण, या घराला हंगाम. जब्या गर्दीत नाचतोय, शालूच्या नजरेत यावं म्हणून धडपडतोय, आणि बाप त्याला डोक्यावर बत्ती धरायला लावतो. ज्या एका रात्रीचे तास त्यानं स्वतःसाठी राखून ठेवले होते, तेही घराच्या नावावर पडतात. तो सगळ्यांवर उजेड पाडतो आणि त्याच उजेडात स्वतः उघडा पडतो. त्यानंतर डुकरं धरण्याचं काम येतं. शाळेच्या आसपास, वर्गातल्या मुलांसमोर, हसणाऱ्या गावासमोर. किशोर कदम यांचा कचरू इथे मला ‘झोंबी’तल्या दादाचा लांबचा भाऊ वाटतो, फक्त दादाकडे मळा होता आणि गुऱ्हाळ आधी लावायचं की नंतर हे ठरवण्याइतकी मोकळीक होती. कचरूला काम कधी करायचं हे गाव ठरवतं. काम मागून मिळत नाही आणि आलेलं नाकारता येत नाही. जादा कामातून घर सावरतं म्हणणाऱ्यानं हा अर्धा तास डोळे न मिटता बघावा.

‘फँड्री’ बघून झाल्यावर ‘झोंबी’तली एक उणीव मला जास्त टोचायला लागली. यादवांच्या पुस्तकात घड्याळ आनंदाचं आहे. पहाटे उठून अकरापर्यंत काय, शाळा सुटल्यावर काय, ते मिनिटामिनिटाला कळतं. आई सगळीकडे आहे. मळ्यात आहे, चुलीपुढे आहे, बाळंतपणात आहे, रात्री वाड्यावर पोराच्या बाजूनं शब्द टाकायला आहे. वाड्यावर जाण्यातला सगळ्यात मोठा धोका तिचाच, दादाला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती. पण अटी ठरतात तेव्हा एक प्रश्न पुस्तक विचारत नाही. अकरा वाजता आनंदा मळ्यातून निघाला, मग उरलेल्या दिवसाचं पाणी कुणी पाजलं? मोकळ्या झालेल्या त्या तासांत कुणीतरी उभं राहिलं असणार. दादा नक्कीच नाही. आत्मचरित्र लिहिणारा निसटलेला असतो, म्हणून तर तो लिहू शकतो. जे मागे राहिले, त्यांचा रकाना त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात येतो. यादवांनी घराविषयी पुढच्या भागांत खूप लिहिलं, ‘घरभिंती’ तर भावंडांच्या ओझ्याचंच पुस्तक आहे. तरी ‘झोंबी’तला तो दिवस, अकरानंतरचा, मला कुठे सापडलेला नाही.

त्यासाठी मागे जाऊन उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचावी लागते. १९६० ची कादंबरी, विदर्भातली, संवाद अस्सल वऱ्हाडी. तिच्यात कौतिक मध्यभागी आहे. नवरा कामाला भिणारा, मुलं लहान, आणि ही बाई हाताला लागेल ते काम करत घर उभं करायला निघते. आपल्या यशोगाथेच्या सवयीमुळे वाचताना आपण वाट बघत राहतो, आता वर येईल, आता येईल. शेळके ते होऊ देत नाहीत. कौतिकच्या कष्टात काही कमी पडलं म्हणून घर बुडत नाही. कष्ट पूर्ण असूनही बुडतं. इतकी निर्दय गोष्ट त्या लेखकानं इतक्या साध्या आवाजात सांगितली आहे की दोन-तीनदा मी मोबाइल उचलून उगीच दुसरं काहीतरी बघत बसलो. ‘झोंबी’ हजार लोकांनी वाचली तर ‘धग’ दहांनी वाचलेली असते, त्याचं कारणही हेच असणार. तिच्यातून भाषणाला घेण्यासारखं काही निघत नाही.

आता आमच्या पिढीचा हंगाम वेगळा आहे. सेलच्या आठवड्यात गोदामात पंधरा दिवसांसाठी उभी राहणारी मुलं, लगीनसराईत केटररकडे वाढपी म्हणून जाणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, गणपतीआधी पेणच्या कारखान्यांत मूर्तींचे डोळे रंगवणारे हात. यातलं कितीतरी माझ्या ओळखीचे लोक करतात. सेलच्या रात्री सर्व्हर पडू नये म्हणून मी वातानुकूलित खोलीत जागतो, त्याला ऑन-कॉल भत्ता मिळतो. त्याच रात्री खाली पार्सलं लावणाऱ्याचा ताशी दर मला ठाऊक नाही, आमच्या कुठल्याच डॅशबोर्डवर तो दिसत नाही. या रात्रीवर मराठीत कादंबरी आलेली माझ्या वाचनात नाही. कविता आहेत, पण त्यात पुन्हा घामच जास्त.

आई अजून ऑर्डरी घेते. माझा पगार बरा आहे, कर्ज फिटलं आहे, तरी घेते. बंद कर म्हटलं तर म्हणते, “गिऱ्हाईक तुटतं रे एकदा थांबलं की.” यंदा दसऱ्याला घरी होतो तेव्हा तिची वही चाळली. डाळ, तूप, गॅस, गिरणी. मी पेनानं एक उभी रेघ ओढून नवा रकाना केला आणि वर लिहिलं, तास. तिनं चष्मा लावून ते वाचलं, जरा वेळ बघत राहिली, आणि त्या रकान्यात शेजारच्या काकूंची दोन किलो चकलीची ऑर्डर लिहून टाकली. म्हणाली, “जागा मोकळी होती.”